कडकबाईचे मऊ गाऊन

माझी थोरली जाऊ म्हणजे खळ केल्याशिवाय हातरुमालही न वापरणारी बाई. घराला लागूनच आमचं लाँड्रीचं दुकान. गिऱ्हाईकं तिला तोंडावर ताई म्हणतात आणि माघारी कडकबाई. तिला ते ठाऊक आहे, आणि खोटं कशाला बोलू, आवडतंही.

गेल्या वर्षी ताईला गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर निघाला. डॉक्टर म्हणाले, "लवकर कळलंय, ओटीपोटावर किरणं देऊ. फक्त मध्ये खंड पडू द्यायचा नाही." या किरणांना हॉस्पिटलात सगळे 'लाइट' म्हणतात, म्हणून आम्हीही.

तिथली सिस्टर मोठी लाघवी. तिने नीट समजावलं, "जांघेतली, बसायच्या जागेची कातडी नाजूक होईल. कोमट पाण्याने धुवा, घासू नका, मऊ टॉवेलने नुसतं टिपा. वासाचा साबण नको, पावडर नको, शेक नको, विचारल्याशिवाय मलमसुद्धा नको. कपडे सैल आणि सुती घाला. आणि दुखलं खुपलं तर लगेच सांगा."

शेक नको म्हटल्यावर इस्त्रीचं टेबल माझ्या गळ्यात पडलं. ताई मऊ उशीवर बसून हुकूम सोडू लागली.

"अगं, ती कॉलर आहे की वाळलेली भाजी?"

"आजारी माणसाने गप्प बसावं."

"आजार पोटात आहे, डोळ्यांत नाही!"

असं आमचं छान चाललं होतं. मग एक दिवस ताई पाय फाकवून चालायला लागली. विचारलं तर म्हणे गुडघा धरलाय. गुडघा! मी काय दुधखुळी आहे? दुसऱ्या दिवशी लाइटच्या आधी तिला धरून सिस्टरपुढे उभी केली.

पडद्याआड सिस्टरने बघितलं आणि तिचा चेहराच उतरला. जांघेत दोन्हीकडे कातडी सोलवटली होती. "हे आणखी वाढलं तर काही दिवस लाइट थांबवावे लागतील," ती म्हणाली. मी लगेच म्हटलं,

"अहो, पण आम्ही सगळं पाळलंय!"

सिस्टरने खुंटीवरचा ताईचा गाऊन हातात घेतला. तो पुठ्ठ्यासारखा वाजला.

"हे काय?"

"सुती आहे. सैलही आहे," ताई म्हणाली.

होताच की! फक्त बाईसाहेबांनी गाऊनपासून आतल्या कपड्यांपर्यंत सगळ्याला घट्ट खळ करून ठेवली होती. सिस्टर आधी पोट धरून हसली, मग चांगलीच रागावली. डॉक्टरांना बोलावून दाखवलं, लावायला मलम दिलं.

घरी आल्याबरोबर मी सगळे कपडे खळ निघेपर्यंत खळबळून काढले. सकाळी ताई अडून बसली. "असल्या चोळामोळा झालेल्या गाऊनमध्ये मी रस्त्याने जाऊ? दुकानाची अब्रू जाईल."

माझं डोकंच फिरलं. "अब्रू गेली खड्ड्यात! लाइट थांबले तर मी काय करू? मला तू हवी आहेस, कळतंय का तुला?" बोलता बोलता मला रडूच फुटलं. ताईने तोच गाऊन अंगात घातला.

कोपऱ्यावर शाळेचे मास्तर भेटले. आमचं जुनं गिऱ्हाईक. ते बघतच राहिले. "ताई, आज इस्त्री नाही?"

"कारागीर बदललाय," ताईने माझ्याकडे बोट दाखवलं. पण मान ताठ!

मलमाने आणि मऊ कपड्यांनी जखम हळूहळू सुकत आली. लाइट एक दिवसही चुकले नाहीत. शेवटच्या दिवशी सिस्टरने बजावलं, "अजून काही आठवडे कातडी अशीच जपायची." आम्ही निघालो, तर बाहेरच्या बाकावर एक नवी बाई बसली होती. अंगात घट्ट पँट, चेहरा भेदरलेला. ताई तिच्याशेजारी जाऊन बसली.

"पँट नको हो, मऊ काहीतरी घाला. आणि दुखायला लागलं की त्याच दिवशी सांगा. मी लपवलं होतं."

"लाज वाटली का?" त्या बाईने विचारलं.

"लाज कसली! भीती. वाटलं, सांगितलं तर लाइट बंद करतील आणि मी जाईन. मला जायचं नव्हतं हो."

तिने दुखणं लपवलं, तो मी आजवर तिचा हट्टच समजत होते. मी ताईच्या दुसऱ्या बाजूला बसले आणि तिचा हात घट्ट धरला.