ब्रेकबाई आणि चिकनचे पॅटिस

गाडी शिकायला येणारे लोक त्यांना तोंडावर मॅडम म्हणत आणि पाठीमागे ब्रेकबाई. शिकवणीच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो, आणि बाईंचा पाय गेली एकतीस वर्षं त्याच्यावर होता. शिकणाऱ्याच्या मनात चूक यायच्या आत गाडी थांबलेली असे. हजारभर माणसं त्यांच्या हाताखालून पास झाली, गाडीला ओरखडा म्हणून नाही. इथवर सगळं ठीक. पण संध्याकाळी बाई घरी यायच्या तेव्हा गाडी खाली राहायची आणि पाय तेवढा जिना चढून वर यायचा.

घरात त्या पायाखाली सापडलेला माणूस एकच, नवरोबा. घरोघर फिरून पाण्याचे मीटर वाचायची त्यांची नोकरी, स्वभाव गरीब. त्यांनी खिळा ठोकायला हातोडी उचलली की "अहो थांबा, वाकडा जाईल," आणि हातोडी बाईंच्या हातात. कुंडी भरायला घेतली की "अहो, माती सांडतेय," आणि कुंडी बाईंच्या पुढ्यात. नवरोबा भांडायचे नाहीत. हात झटकून बाजूला व्हायचे. निवृत्त झाल्यावर तर ते कायमचेच बाजूला झाले. गॅलरीत बसून एकच वर्तमानपत्र दोनदा वाचायचे.

"बाबा हल्ली काहीच का करत नाहीत, ठाऊक आहे?" लेक एकदा फोनवर म्हणाली. "तू करू देत नाहीस म्हणून." बाईंना ते फार लागलं. खरं होतं म्हणून जास्तच लागलं.

आणि शनिवारी नवरोबा वर्तमानपत्राचं एक कात्रण घेऊन पुढे उभे. 'वीस मिनिटांत चिकनचे पॅटिस.'

"उद्या संध्याकाळी लेक-जावई येताहेत ना? जेवायला हे मी करणार. पहिल्यापासून शेवटपर्यंत मीच. मध्ये तोंड घातलंस तर आहे तिथं सोडून देईन, आणि पुन्हा या घरात कशालाही हात लावणार नाही."

आवाज चढवून म्हणाले असते तर बाईंनी हसण्यावारी नेलं असतं. ते अगदी हळू बोलले. आज हा माणूस बाजूला झाला तर पुन्हा पुढे यायचा नाही, हे त्यांना कळलं. "एक अक्षर बोलणार नाही," त्यांनी कबूल केलं.

रविवारी त्या फ्रिजशेजारी स्टुलावर मूग गिळून बसल्या. एका कांद्याला नवरोबांनी पाव तास घेतला. मीटरचा आकडा वाचावा तसा प्रत्येक तुकडा डोळ्यांजवळ धरून पाहिला. मग खिमा, आलं, लसूण, मिरपूड, ब्रेडचा चुरा. अंडं फोडलं ते कवचासकट आत. बाईंचा उजवा पाय फरशीवर कचकन दाबला गेला.

"काही म्हणालीस?"

"छे! पायाला मुंग्या आल्यात."

नवरोबांनी कवचाचे तुकडे एकेक करून वेचले. सगळं कालवलं, कात्रणाची घडी घालून खिशात ठेवली आणि हाताला तेल लावून पहिला गोळा वळायला घेतला. बाई उठायच्या बेतातच आल्या. मीठ राहिलं होतं! मिठाची बरणी नवरोबांच्या कोपराशी उभी होती. ताटली ठेवायला जागा हवी म्हणून त्यांनी स्वतः ती सरकवली होती.

आता मात्र बाईंचा जीव टांगणीला लागला. एकच तर शब्द! 'मीठ' म्हणायला वेळ तो किती लागतो? पण बाई स्वतःला ओळखून होत्या. पहिल्या शब्दामागून दुसरा यायचा, दुसऱ्यामागून हात यायचा, आणि दोन मिनिटांत नवरोबा गॅलरीत असायचे.

परीक्षेच्या दिवशी बाईंच्या जागेवर परीक्षक बसतो. बाई पर्स कवटाळून फुटपाथवर उभ्या राहतात आणि गाडी त्यांच्याशिवाय वळणाआड जाते. दर वेळी त्यांना गाडीमागे धावावंसं वाटतं, पण आजवर त्या कधी धावल्या नव्हत्या.

"मी जरा बाहेर बसते," त्या म्हणाल्या.

"का गं?"

"चालू द्या तुमचं."

त्या दाराबाहेर जिन्याच्या पायरीवर जाऊन बसल्या. आतून चुर्र आवाज आला. खमंग वास आला. मग जरा जास्तच खमंग वास आला. मागोमाग "अरे अरे अरे!" आणि उलथनं आपटल्याचा आवाज. बाईंनी कठडा घट्ट धरला.

तेवढ्यात लेक, जावई आणि सहा वर्षांची नात जिना चढून आले.

"आई, इथे काय करतेस?" लेकीनं विचारलं.

"आत परीक्षा चाललीय," बाई म्हणाल्या.

वीस मिनिटांचे पॅटिस सव्वा तासानं टेबलावर आले. नऊ होते. एका बाजूनं सोनेरी, दुसऱ्या बाजूकडे कुणी फारसं पाहू नये असे. एक मोडला होता, तो नवरोबांनी स्वतःच्या ताटात घेतला. सगळ्यांनी घास घेतला.

"कुरकुरीत झालेत हं," जावई सांभाळून म्हणाले.

"आजोबा, याला चवच नाहीये," नात म्हणाली.

"बाबा, मीठ!" लेक म्हणाली.

नवरोबांनी आपला घास सावकाश चावला. मग बाईंकडे पाहिलं.

"तुला माहीत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"तुम्ही बरणी बाजूला ठेवून पहिला गोळा वळायला घेतलात तेव्हापासून."

"अगं आई, मग सांगायचं नाही का?" लेक उसळली. "कमाल करतेस तू पण!"

बाईंनी उत्तराऐवजी पॅटिसचा आणखी एक घास तोंडात कोंबला. आज त्या तोंडाचे चांगलेच हाल चालले होते.

"तिला काही बोलू नकोस," नवरोबा म्हणाले. ते उठले, स्वयंपाकघरातून बरणी घेऊन आले, आणि त्यांचा चेहरा असा फुलला होता की जावई बघतच राहिले. "चुकलंय ना? माझं चुकलंय. अख्खं माझं! अठ्ठावीस वर्षांत हिनं माझी एक तरी चूक पुरी होऊ दिलीय का?"

सगळे हसले. बाईंना हसू येईना. आपण या माणसाला चुकांपासून वाचवतो, असंच त्या समजत आल्या होत्या. आपण त्याचं काही काढून घेत होतो, हे कधी मनातसुद्धा आलं नव्हतं. त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि समोर बरणी घेऊन मिरवणाऱ्या त्या माणसाचा फार लोभ वाटला.

नवरोबा प्रत्येकाच्या ताटाशी जाऊन चिमटीनं मीठ भुरभुरवत होते. बाईंच्या पॅटिसवर चिमूट भलतीच मोठी पडली. बाईंनी ती पडताना पाहिली. तो खारट पॅटिस त्यांनी शेवटच्या घासापर्यंत खाल्ला आणि ताट पुढे करून दुसरा मागितला.