सध्या वडिलांकडे

परवा टेबलावर मुलाचा नोकरीचा अर्ज पडला होता. त्यातली एक इंग्रजी ओळ वाचली आणि मी थेट भिसेगावच्या आमच्या ओटीवर जाऊन पोचले.

सत्तरचं दशक सरत आलं होतं. टायपिंग शिकून मी रसायनीच्या एका कारखान्यात अर्ज करत होते. बाबा भातशेती करणारे, त्यांना इंग्रजी येत नसे. पण घरातून जाणारा प्रत्येक कागद मराठीत ऐकल्याशिवाय ते पाकिटात घालू देत नसत. मी वाचलं, "ॲट प्रेझेंट, म्हणजे सध्या, मी वडिलांकडे राहते."

"सध्या?" बाबांनी मान वर केली. "मंग फुडं कुठं जायाचं हाय गं?"

टायपिंगच्या सरांनी असे तीन-चार शब्दप्रयोग लिहून दिले होते. मी दुसरा लावला. "फॉर द टाइम बीइंग. तूर्तास."

"म्हंजे चार दिसांची पावणी?"

चिडून मी साधा 'नाऊ' घातला. "आता वडिलांकडे राहते."

"आन् आधी कुठं होतीस?"

मला हसू फुटलं. बाबा हसले नाहीत. म्हणाले, "पयलंच ऱ्हाऊ दे. खरं हाय ते." मग टोपातली भाताची चार शितं घेऊन त्यांनी स्वतः पाकीट चिकटवलं आणि अंगठ्यानं कितीतरी वेळ दाबून धरलं.

मला वाटलं, चिकटत नसेल.

मुलाच्या अर्जातही तेच आहे. ॲट प्रेझेंट, आय लिव्ह विथ माय मदर. त्याचं मराठी मी त्याला विचारलं नाही.