समोरच्या अक्कांची डिस्क

विद्यानगरच्या आमच्या बिल्डिंगीत अक्कांचा आणि आमचा दरवाजा समोरासमोर. त्या तेलुगू, आम्ही मराठी, बोलणं सगळं दखनीत, म्हणजे इथल्या हिंदी-उर्दूत. सव्वीस वर्षं एक स्टीलचा डबा ह्या दोन दरवाजांतून ये-जा करतोय. त्यातून त्यांची सकिनालं येतात, म्हणजे तांदळाच्या पिठाची, तीळ घातलेली, कडबोळ्यासारखी वळलेली कुरकुरीत कडी. जाताना माझा चिवडा जातो, सणाला पुरणपोळ्या. डबा रिकामा परत जात नाही. घरात काहीच नसलं तर मूठभर साखर घालते, पण रिकामा नाही. हे सासूबाईंनी लावलेलं वळण, आणि खरं सांगते, तरुणपणी मला त्याचा भारी वैताग यायचा.

आमचे हे वकील. कोर्टात आवाज असा की बाहेरचा शिपाई दचकायचा, आणि घरीही तोच आवाज. भाजीत मीठ कमी पडलं तरी उलटतपासणी. तीन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात गेला. नंतर सहा महिने हा माणूस भिंतीकडे तोंड करून पडून होता. एक दिवस म्हणाले, "बाबांच्या वह्या काढ." माझे सासरे निजामाच्या काळात शाळा तपासनीस होते. बैलगाडीने खेडोपाडी फिरायचे आणि मुक्कामाला पोचले की दिवसभराचं लिहून ठेवायचे. शिक्षण उर्दूत झालेलं, म्हणून लिहिणंही उर्दूत. ह्यांच्यानंतर आमच्या घरात उर्दू वाचणारं कुणी नाही. तेव्हा हे त्या वह्या मराठीत आणायला बसले. हातात धरता येत नाही म्हणून टेबलाला अडकवलेलं भिंग, आणि डाव्या हाताचं एक बोट. दिवसाला अर्धं पान, कधी चारच ओळी. अडीच वर्षं असं चाललं होतं. मधे डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगून टाकलं की नजर आता उतरतच जाणार. हे काम बुडालं तर हा माणूस पुन्हा भिंतीकडे वळेल, एवढं मला पक्कं ठाऊक होतं.

आणि कॉम्प्युटर कुरकुरायला लागला. दुरुस्तीवाला म्हणाला, "मॅडम, बाहेरची हार्ड डिस्क घ्या आणि सगळं त्यात उतरवून ठेवा. हा कधी बसेल सांगता येत नाही." झालं! ह्यांनी महिनाभर डिस्कची चौकशी मांडली. आत तबकडी फिरणारी घ्यायची की काहीच न फिरणारी, केवढी घ्यायची, कशी. मी म्हटलं, "अहो, डिस्क घ्यायची आहे, जावई नाही." तोवर अक्का म्हणाल्या, मुलाची एक डिस्क पडून आहे, ती घेऊन जा आणि हात बसवून घे. मी आठवडाभर त्यांच्या डिस्कवर फोटो टाकले, काढले, पुन्हा टाकले. साठी उलटलेल्या बाईला जेवढं जमायचं तेवढं जमलं.

परत द्यायची वेळ आली आणि हात अडला. रिकामी कशी देऊ? अक्कांचे जुने तेलुगू सिनेमे होते त्यात, पण माझ्याकडून तर काहीच नाही. लेकीच्या लग्नाचे फोटो टाकले, कारण अक्का त्यांत ठिकठिकाणी आहेत. मग आठवलं की सासऱ्यांच्या वहीत करीमनगरकडच्या एका खेड्यातली शाळा आहे, आणि ते अक्कांच्या आईचं माहेर. मास्तर तापाने निजलेला, मुलं चिंचेखाली बसलेली, आणि तीन मुली भावांच्या पाठीमागे उभ्या राहून पाट्या बघताहेत, असं सासऱ्यांनी लिहिलंय. ह्यांनी ते पान एकदा अक्कांना दखनीत वाचून दाखवलं होतं, तेव्हा अक्का पदराने डोळे पुसत राहिल्या होत्या. त्यांना मराठी वाचता येत नाही, पण म्हटलं, असू दे त्यांच्याकडे. एकच पान वेगळं काढायचं कसं ते मला कळेना, म्हणून वह्यांचं अख्खं फोल्डर टाकलं आणि डिस्क देऊन आले.

पुढच्या आठवड्यात आम्ही सिकंदराबादला जाऊन आमची डिस्क आणली. ह्यांनी दुकानदाराला पिंजऱ्यात उभं केलं. पडली तर? पाणी सांडलं तर? किती वर्षं चालेल? तो बिचारा हात जोडून म्हणाला, "साब, चीज है, कभी भी जा सकती. इसलिए दो जगह रखो बोलतूं मैं." रिक्षात बसल्यावर आम्ही दोघं हसलो, की बघा, एक घ्यायला आलो तर दोन गळ्यात मारत होता! शेवटी न फिरणारी, तळहाताएवढी एकच घेतली. ह्यांच्या डाव्या हाताला कंप, खाली पडली तरी टिकावी म्हणून.

घरी येऊन जोडली. आणि इथे माझा शहाणपणा आडवा आला. माझ्या घरात एक वस्तू दोन ठिकाणी पडलेली मला खपत नाही. हिवाळा संपला की रजया ट्रंकेत जातात, बाहेर एकही राहत नाही. तसंच मी वह्यांचं फोल्डर आणि लेकीच्या लग्नाचे फोटो डिस्कवर नेले आणि कॉम्प्युटरवरून काढून टाकले. कॉम्प्युटर हलका झाला म्हणून स्वतःवरच खूश! हे त्या दिवसापासून थेट डिस्कवर टाइप करायला लागले.

तीन आठवड्यांनी, एका रविवारी, जामबागची माझी नणंद आली. दुपारी हे झोपले होते. तिला लग्नाचे फोटो मोठे दिसावेत म्हणून मी डिस्क टीव्हीला लावली. टीव्हीने इंग्रजीत काहीतरी लांबलचक विचारलं, खाली हो किंवा नाही. मी हो दाबलं. त्याने पुन्हा विचारलं, मी पुन्हा हो दाबलं. बोहल्यावरही इतक्या लगबगीने हो म्हटलं नव्हतं. मग पडद्यावर काहीच दिसेना. नणंद चहा पिऊन गेली. मी डिस्क कॉम्प्युटरला लावली तर ती कोरी. टीव्हीने सगळं पुसून ती स्वतःसाठी तयार करून घेतली होती, आणि तीही माझ्या परवानगीने.

 दुरुस्तीवाल्याला फोन केला तर म्हणाला, काही निघेल, काही नाही निघणार, वचन देत नाही. फोटोंचं काही नव्हतं, ते लेकीकडे आहेत. पण ती अडीच वर्षं? ह्यांना सांगायची माझी छातीच होईना. सोमवारी सकाळी म्हटलं, "डिस्कमधे काहीतरी बिघाड आहे, दोन दिवस राहू द्या." वाटलं, आता प्रश्नांची सरबत्ती होणार. हे फक्त "बरं" म्हणाले आणि तरीही कॉम्प्युटरसमोर जाऊन बसले. स्वयंपाकघरात मला त्यांच्या एका बोटाची टकटक ऐकू यायची. म्हटलं, पत्ते खेळत असतील. घास घशाखाली उतरेना. देवापुढे उभी राहिले तर देवालाही काय सांगावं कळेना. मूर्ख बाई, दुसरं काय!

मंगळवारी अक्कांचा डबा धुऊन ओट्यावर पालथा पडलेला दिसला. कुठलंही संकट असो, डबा परत करायचाच. चिवड्याच्या बरणीत हात घातला आणि तिथेच थांबले. डबा रिकामा देत नाही. डिस्कही रिकामी दिली नव्हती!

चिवडा तसाच टाकून पळत गेले. अक्का म्हणाल्या, "क्या हुआ चेल्ली, कायकू रोते?" चेल्ली म्हणजे धाकटी बहीण, पहिल्या दिवसापासून त्या मला तेच म्हणतात. मी कसंबसं सांगितलं. त्या आत गेल्या आणि देवघरातल्या कुंकवाच्या डब्यांमागून डिस्क काढून आणली. म्हणाल्या, "बेटा आया था, जगह नहीं है बोलके सब निकाल रहा था. ये वाला नक्को बोली मैं. अम्मा का गाँव है इसमें, कैसे निकालने देती?"

मी अक्कांच्या पाया पडले. त्या "अय्यो, अय्यो" करत मागे सरकल्या.

फोल्डर जसंच्या तसं होतं. फक्त नंतरच्या तीन आठवड्यांची अकरा पानं नव्हती, म्हणजे ह्यांना सांगणं भागच होतं. डिस्क घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिले आणि टीव्हीपासून अक्कांच्या देवघरापर्यंत एका दमात सगळं बोलून टाकलं. आवाज चढण्याची वाट बघत राहिले.

हे म्हणाले, "मला ठाऊक होतं. सोमवारी तू अंघोळीला गेलीस तेव्हा मी डिस्क लावून बघितली."

"मग ओरडला का नाहीत?"

"दोन दिवस तू जेवली नाहीस. कुणावर ओरडू?"

त्यांनी डाव्या हाताने माउस हलवला आणि पडद्यावरचं पान पुढे केलं. वर लिहिलं होतं, "वही पहिली, पान पहिले." खाली पाऊण पान मजकूर. हे पत्ते खेळत नव्हते. मला एक शब्दही न बोलता त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली होती.

मी तिथेच खुर्चीत बसून मोठ्याने रडले. हे म्हणाले, "आता पुरे, चहा टाक."

ती अकरा पानं आम्ही दोघांनी मिळून पुन्हा केली, त्यांनी वाचायची, मी टाइप करायची. आता ते फोल्डर कॉम्प्युटरवर आहे, आमच्या डिस्कवर आहे, आणि अक्कांची डिस्क दर महिन्याला डब्याबरोबर येते आणि भरून परत जाते. अक्कांचे उपकार ह्या जन्मी फिटायचे नाहीत, आणि मला ते फेडायचेही नाहीत. ते पाऊण पान निरुपयोगी आहे, तोच मजकूर आधी झालेला आहे. हे म्हणतात, काढून टाक. एक वस्तू दोन ठिकाणी न खपणारी मी, पण मी ते काढलेलं नाही. तिन्ही ठिकाणी ठेवलंय.