अंगठ्याएवढी झडप

आमची वहिनी गोदामात फोर्कलिफ्ट चालवते. उंचीनं माझ्या खांद्याला लागते, पण एक दांडी ओढून दोन टनांचं ओझं छपरापर्यंत नेते! दादा तिथलाच वायरमन. गाडीला तो "माझी सवत" म्हणतो, कारण वहिनी तिला रोज पुसते. त्यातही ओझं उचलणारा तो चकचकीत दांडा तर चष्मा पुसावा तसा.

मी हमाल. पाठीवर वाहिलं तेवढंच खरं मानणारा. एकदा विचारलं, "वहिनी, नुसत्या तेलावर एवढं ओझं उचलतं कसं गं?"

"बाटली काठोकाठ भर, बूच घट्ट लाव आणि दाबून बघ. पाणी दबतं का? तेलाचंही तसंच. पंप ते नळीतून नळकांड्यात रेटतो. तिथं त्याला दुसरी वाटच नाही, मग ते दांड्याला वर ढकलतं. उतरताना पंप लागत नाही. वाट मोकळी केली की ओझंच आपल्या वजनानं तेल टाकीत परत लोटतं."

"आणि नळी फुटली तर?"

"नळकांड्याच्या बुडाशी झडप असते. तेल धावत सुटलं की ती वाट अरुंद करते."

हल्ली ओझं उतरताना घाई करतंय, असं तिला वाटत होतं. साहेबांच्या पाठीस लागून तिनं सुट्टीच्या दिवशी मेकॅनिकला बोलावलं आणि स्वतः बघायला गेली. झडपेत कचरा निघाला, तो तिनं साफ करून घेतला. इकडे दादा एकटाच जेवला आणि फुरंगटून बसला. "अंगठ्याएवढ्या लोखंडासाठी नवरा टाकलास," म्हणे!

परवा छपराचा दिवा बदलायचा होता. गाडीच्या पुढच्या पात्यांवर माणूस उभा राहील असा पिंजरा बसवला, दादानं पट्टा लावला, वहिनीनं त्याला वर नेलं. दिवा लागला आणि फाटकन नळी फुटली. तेलाची धार थेट भिंतीवर! संपला माझा दादा, असंच वाटलं. वहिनीच्या दांडीला आता काही अर्थ नव्हता. "अहो, हलू नका!" एवढंच ती ओरडली.

पिंजरा खाली यायला लागला. पण कोसळला नाही हो! भरली घागर डोक्यावरून उतरवावी, तसा सावकाश. धार उडतेय आणि माझा दादा वीत वीत खाली येतोय. बाप रे! पाठीवर जन्म काढला मी, पण ओझं असं उतरलेलं कधी पाहिलं नव्हतं. डोळेच भरून आले.

दादाला धरून बसवल्यावर वहिनी रडली.

आज नवी नळी बसली. मी पोचलो तर दादा गाडीपुढे उकिडवा बसून दांडा पुसतोय.

"काय रे, सवतीची सेवा?" मी चिडवलं.

तो हसला नाही. मागून आलेल्या वहिनीला म्हणाला, "त्या दिवशी तू जेवायला घरी थांबली असतीस तर..." आणि पुन्हा दांडा पुसू लागला.

वहिनी त्याच्या शेजारी बसली. म्हणाली, "फडक्याची कोरडी बाजू घ्या."