येळवस आणि माझं दोनदा झालेलं जेवण

हसणार नसाल तरच सांगतो राव. माझ्या घाईनं माझी पार शोभा केली!

कंपनीतला आमचा सलीम मूळचा लातूरकडचा. मार्गशीर्षातल्या अवसेला तिकडं येळवस असते. शेतात कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, उभारायची, काळ्या आईची पूजा करायची आणि येईल त्याला जेवू घालायचं. हिंदू, मुसलमान, बौद्ध, सगळ्यांची येळवस! सलीमसारखी तिकडची तीन-चार घरं चाकणजवळ वाट्यानं शेती करतात, सणही तिथंच करतात. दोन वर्षं मी टांग मारली. तिसऱ्या वर्षी त्यानं दमच दिला.

"नाही आलास तर बोलणं बंद. अम्मी वाट बघणारे."

निघालो की कासारवाडीहून गाडी मारत! पहिलीच कोप दिसली, आत एक म्हातारबा. हेच सलीमचे अब्बा, मी ठरवून टाकलं.

"या पाव्हणं, लई उशीर केला!"

"सलीम कुठंय, चाचा?"

"येतोय की. तुमी बसा आदी."

बसलो. हरभरा, तूर, वाल, वाटाणा घालून शिजवलेली भज्जी, बाजरीचे उंडे, वर गार आंबील! तीनदा घेतलं. वाढणाऱ्या बाईंना म्हणालो, "अम्मी, काय चव आहे हो तुमच्या हाताला!" त्या पदर तोंडाला लावून हसल्या. मला वाटलं, लाजल्या.

तेवढ्यात सलीमचा फोन.

"कुठंयस? पाहुणा जेवल्याशिवाय अम्मी घास घेत नाही. सकाळपासून उपाशी आहे!"

"अरे, तुमच्याच कोपीत बसलोय."

"मग मी कुठं उभाय?"

डोकावलो. बांधापलीकडं दुसरी कोप, दारात सलीम!

"आमी कांबळे," म्हातारबा शांतपणे म्हणाले. "पर येळवसला कोन कुनाला नाव इचारतंय?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. तीन वाजलेले, ती माउली उपाशी, आणि मी आकंठ जेवलेला! खरं सांगायची हिंमत होईना. पट्टा सैल केला आणि मुकाट्यानं सलीमकडं पानावर बसलो.

"भूक लागली आसंल लेकरा," अम्मी म्हणाल्या.

"हो ना! सकाळपासून पोटात काही नाही."

का बोललो मी हे? तेवढ्यात कांबळेकाका हजर. शेजाऱ्याकडं जेवायचं, ही तर तिथली रीतच.

"आरं वा, पाव्हणं परत बसले व्हय? आमच्यात तर तीनदा भज्जी घेतली!"

अम्मींचा हात तसाच थांबला. सलीमनं कपाळाला हात लावला.

"म्हंजे मी हितं उपाशी, आन् तू तितं हादडत होतास?" अम्मी म्हणाल्या, आणि इतक्या हसल्या, इतक्या हसल्या, की डोळ्यांना पदर लावावा लागला. मग ताटात अजून एक पळी पडली. "आता हे बी संपीव."

संपवलं! काय करतो?

सलीमचं बोलणं काही बंद झालं नाही. आता तर दरवर्षी तो मला बांधावर घ्यायला येतो. फक्त अम्मी माझी वाट बघत नाहीत, आधी जेवून घेतात.