ट्रेमध्ये राहिलेलं इष्टलिंग

१७ मे २०२४, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटे. बर्लिनमधल्या एका उंच मनोऱ्याच्या तपासणी-दाराशी आप्पांनी गळ्यातलं इष्टलिंग उतरवलं. वडिलांना चारचौघांत ते काढताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

आम्ही लिंगायत; दीक्षेत गुरूंकडून मिळालेलं लिंग आप्पा कायम गळ्यात बाळगतात. ताडकळसला आप्पांचं कापडाचं दुकान आहे. मी बर्लिनमध्ये जैवरसायनशास्त्रात संशोधन करते आणि आप्पा पंधरवड्यासाठी माझ्याकडे आले होते. गुडघ्यांमुळे आई आली नाही. तिनं त्यांच्या मधुमेहाच्या गोळ्या आणि रक्तातली साखर मोजायचं यंत्र तेवढं त्यांच्याबरोबर पाठवून माझ्या हवाली केलं होतं. दिवसाचा आराखडा माझा होता: आधी मनोरा, मग जुनं कॅथेड्रल, तिथून रुंद रस्त्यानं पायी ऐतिहासिक वेशीपर्यंत, आणि शेवटी संसदेचा काचेचा घुमट. साखरेची सकाळची नोंद १३८ होती. गोळी घेऊन आप्पांनी एक सफरचंद आणि चहा घेतला. पावाला अंड्याचा हात लागला असेल, या शंकेनं त्यांनी तो परत सारला.

लिंगाच्या चांदीच्या डबीमुळे दार वाजलं. पहारेकऱ्यानं नम्रपणे ट्रेकडे बोट केलं. त्यात आप्पांचे बूट आणि पट्टा होता.

"जोड्याच्या परातीत देव ठेवू व्हय?" आप्पांनी मला विचारलं.

मी वेगळा ट्रे मागून घेतला. त्यात त्यांनी आपला पांढरा रुमाल अंथरला, वर लिंग ठेवलं, आणि परक्यांची नजर पडू नये म्हणून चारही टोकं दुमडून झाकलं. पलीकडे गेल्यावर त्यांनी बूट चढवले, पट्टा बांधला. चामड्याला लागलेल्या हातानं लिंगाला शिवायचं नाही, म्हणून ते आधी हात धुवायला नळ शोधत गेले. मी तोवर कोट आणि पिशवी उचलली. रुमालाला मात्र हात लावला नाही. दुसऱ्याच्या लिंगाला स्पर्श करू नये, हे त्यांनीच मला लहानपणी शिकवलं होतं.

ते परतले तेव्हा तपासणीच्या सरकत्या पट्ट्यावरचे ट्रे हलवलेले होते. माझ्या खांद्यावरची पिशवी पाहून ते समजले, मुलीनं घेतलं. आणि लिफ्टमध्ये त्यांना शांत उभं पाहून मी समजले, त्यांनी गळ्यात घातलं.

वरून शहर पाहून त्यांनी एवढंच म्हटलं, "एवढं सपाट तर आपल्या ताडकळसचं शिवार बी हाय. त्याला तिकीट लावलं न्हाई कुनी." कॅथेड्रलमध्ये ते बराच वेळ बसले. वेशीजवळच्या एका इमारतीवर मोठा झेंडा फडफडत होता. दुकानदाराच्या नजरेनं तो मापून त्यांनी मला कापडाचा भाव विचारला. दोन किलोमीटरच्या त्या चालण्यात ते माझ्या पुढे होते. त्यांच्या चालीवर मी खूश होते.

वेशीसमोरच्या बाकावर मी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढली. आप्पांनी बाटलीच्या पाण्यानं हात धुतले आणि ओंजळ पुढे केली.

"दे, माय."

"काय?"

"लिंग. पिशवीत हाय नव्हं?"

मी पिशवी बाकावर पालथी केली. छत्री, तिकिटं, यंत्राची डबी. आप्पांचा हात छातीवर गेला आणि तिथेच राहिला.

"मला वाटलं, तू घेतलंस."

"मी कशी घेईन, आप्पा? तुमीच तर शिवू नको म्हणता."

दशमीचा डबा त्यांनी झाकण लावून माझ्याकडे सरकवला. लिंगाचं दर्शन झाल्याशिवाय ते जेवत नाहीत. आणि ते हरवलं तर सापडेपर्यंत, नाहीतर मठातल्या स्वामींकडून नवं मिळेपर्यंत, अन्नाला शिवायचं नाही. मठ तिकडे गावाकडे, पूर्ण्याजवळ होता. मधुमेहाच्या गोळीचा परिणाम मात्र इथेच चालू होता. नोंद: ८१.

मनोऱ्याकडे परतणाऱ्या बसमध्ये मी खिशातली ग्लुकोजची गोळी काढली.

"हे औषध आहे, आप्पा. जेवण न्हाई."

"पोटात जातंय त्ये जेवनच."

"साखर अजून उतरली तर चक्कर येईल. शुद्ध जाईल."

"गेल्यावर घाल तोंडात. तवा दोष माझा न्हाई, तुझा." ते हसण्याचा प्रयत्न करत होते, पण कपाळावर घाम होता. नोंद: ६६.

त्यांच्या वाक्यात मला एक व्यवहार्य सूट दिसली आणि त्याच क्षणी तिची किंमतही दिसली. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालायचं नसतं. ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. म्हणजे त्यांनी मला दिलेली परवानगी वापरण्याजोगी नव्हतीच.

मनोऱ्याच्या हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीत एक बाई होत्या. वस्तू कशी दिसते, त्यांनी विचारलं. पांढऱ्या रुमालात चांदीची डबी, मी सांगितलं. डबीत काय? काळा, गुळगुळीत, सुपारीएवढा. दगड आहे का, असं त्यांनी विचारलं तेव्हा आप्पांना जर्मन येत नाही याचं मला बरं वाटलं. माझं ओळखपत्र घेऊन त्या आत गेल्या. आप्पा भिंतीच्या बाकावर बसले.

"आई काय म्हनंल तुझी," ते म्हणाले, आणि थोड्या वेळानं तेच वाक्य पुन्हा म्हणाले, जणू पहिल्यांदाच. बोलण्यातली ती पुनरुक्ती मला यंत्राहून अधिक भयानक वाटली. मी त्यांचं बोट टोचलं. ५७.

ग्लुकोजची गोळी माझ्या मुठीत ओली झाली होती. एका हातानं त्यांचा जबडा धरायचा, दुसऱ्यानं गोळी गालात सारायची. कृती सोपी होती. मी उठून त्यांच्यासमोर उभी राहिले. त्यांनी मान वर केली. त्यांना सगळं समजलं होतं, आणि ते तोंड घट्ट मिटून माझ्याकडे पाहत राहिले.

दार उघडलं. बाईंनी तो ट्रेच आणला होता. रुमालाच्या चारही घड्या जशाच्या तशा होत्या.

"हात धुवायचेत," आप्पा उठू लागले आणि पुन्हा खाली बसले. घरी त्यांच्या पूजेला अर्धा तास लागतो. इथे तेवढा वेळ नव्हता, आणि पूजा लहान करा म्हणण्याचा अधिकार मला नव्हता. शेजारच्या चहाच्या टपरीवजा खिडकीवर साखरेच्या पुड्या होत्या. मी मूठभर उचलल्या आणि त्यांच्यादेखत एकेक फोडून पाण्याच्या बाटलीत ओतल्या.

"आप्पा, अभिषेकाला पंचामृत चालतं ना?"

"चालतंय."

"त्यात साखर असते."

ते बाटलीकडे बघत राहिले. "बाकीची चार कुठं हायत?"

"त्यांच्यासाठी थांबायला वेळ न्हाई."

"लय शिकलीस," ते म्हणाले. त्यात कौतुक किती होतं, हे मला आजही ठरवता आलेलं नाही.

दुसऱ्या बाटलीतल्या साध्या पाण्यानं मी त्यांचे हात धुतले. त्यांनी डाव्या तळहातावर लिंग घेतलं, डोळे मिटले. मी साखरेच्या पाण्याची बारीक धार सोडत होते आणि खाली कागदी पेला धरला होता. त्यांचे ओठ नेहमीच्याच गतीनं हलत होते. पेला भरला तरी त्यांनी डोळे उघडले नाहीत. मी धार थांबवली नाही. पाणी माझ्या मनगटावरून ओघळत राहिलं. मग त्यांनी लिंग पुसलं, डबीत ठेवलं, डबी गळ्यात घातली, आणि पेल्यातलं तीर्थ सगळं प्यायले.

"गोड हाय," ते म्हणाले. "अजून दे."

मी दिलं. पाव तास आम्ही दोघं तिथेच बसून राहिलो. मग त्यांनी स्वतःहून बोट पुढे केलं.

७९.