पावती आल्याशिवाय भाकरी नाही

कसबा बावड्यात एका घराच्या माडीवर दोन खोल्या घेऊन कंपनी सुरू झाली तेव्हा तिथे चार पोरं होती आणि पाचवी मी. ती पोरं दूध संस्थांसाठी कॉम्प्युटरचं काम करायची. गावात कुणी संस्थेत दूध घातलं की त्याचं वजन, त्याची फॅट सगळं कॉम्प्युटरात जायचं आणि माणसाच्या हातात छापील पावती यायची. मला त्यातलं एवढंच कळायचं. माझ्याकडे चहा आणि दुपारचं जेवण.

त्या चौघांतल्या ज्याने कंपनी काढली तो राधानगरीकडचा, माझ्या माहेरच्या बाजूचा. पहिल्या दिवशी मी त्याला साहेब म्हटलं तर म्हणाला, "साहेब कोण हाय हितं? दादा म्हणा मावशी, न्हायतर मी चहा न्हाय पीत." माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, पण तेव्हापासून तो दादा.

माझ्या माहेरच्या गावातली संस्था त्यांच्या अगदी पहिल्या संस्थांतली. भाऊ गेल्यावर वहिनीने दोन म्हशींवर घर चालवलं, अजून चालवते. त्यामुळे ती पोरं संस्थांची नावं घेऊन बोलायला लागली की माझे कान तिकडे असायचे.

एकदा त्यांनी संध्याकाळी सहाला संस्थांच्या कॉम्प्युटरवर काहीतरी नवीन काम चढवलं. दिवसाचं आटपलं, आता निवांत आहे, असं त्यांना वाटलं. दहा मिनिटांत फोन वाजला. आमच्याच गावच्या संस्थेचे सचिव होते. त्यांचा आवाज मला स्वयंपाकघरात ऐकू येत होता. "पावणं, हितं पन्नास माणसं किटल्या घिऊन हुबी हायत. पावती येत न्हाय. दूध तुमच्या कॉम्प्युटरात वतू काय?"

काम उतरवून जुनं परत लावेपर्यंत दूध न्यायला आलेला टँकर निघून गेला. वहिनीचं दूध घरी परत आलं, सगळ्या गल्लीचं आलं. दुसऱ्या दिवशी दादा माफी मागायला गावात गेला. तिथल्या बायकांनी परत आलेल्या दुधाचे पेढे ताट भरून त्याच्यापुढे ठेवले. वहिनीच म्हणाली, "खावा की. तुमच्याच मशिनीचं हायत." त्याने खाली मान घालून तीन पेढे खाल्ले. परत आल्यावर मला म्हणाला, "मावशी, तुमच्या वहिनीनं मला मारलं असतं तर बरं झालं असतं."

त्या दिवसापासून दुधाच्या वेळेला कुणी हात लावायचा नाही असं ठरलं. कुठे लिहिलं नाही, पण चौघांना पाठ होतं. नवीन काम चढवायचं ते सकाळचं दूध झाल्यावर, दुपारी. मग आमच्या गावचे सचिव मशिनवर पाण्याचा तांब्या ठेवायचे आणि त्याची पावती काढायचे. पावती आली की फोन करायचे. तोवर कुणी जेवायचं नाही. मी जमिनीवर वर्तमानपत्र अंथरून आमटी, भात, खर्डा मांडून ठेवायचे, तव्यावर भाकरी फुगायची आणि चौघं पोरं फोनकडे बघत बसायची. फोन वाजला की सचिवांचं ठरलेलं असायचं. "पाण्याला फॅट न्हाय आली, म्हंजे तुमची मशीन खोटं बोलत न्हाय. जेवा आता."

मग जे हसणं व्हायचं, आणि एकमेकांच्या ताटातला खर्डा पळवणं. मीही त्यांच्यातच बसायचे, दाराजवळ. घरी पुरुषमाणसांत कधी जेवले नव्हते. तिथे मला लाज वाटली नाही.

संस्था वाढल्या, तशी माणसं वाढली. माडी पुरेना म्हणून मोठ्या इमारतीत गेलो, आधी एक मजला, मग तीन. पोरांच्या टीमा झाल्या. एक टीम वजनाचं बघायची, एक मोबाइलचं, एक नुसतं सर्व्हरचं. जेवणाचे डबे बाहेरून यायला लागले आणि माझ्याकडे चहा राहिला. खालच्या मजल्यावर काय चाललंय ते वर ठाऊक नसायचं. एकदा चहाच्या टेबलाशी एका नवीन पोराने दादालाच विचारलं, "सर, तुम्ही कुठल्या टीमला?" दादा म्हणाला, "चहाच्या," आणि माझ्याकडे बघून हसला. त्या पोराने ते खरं मानलं असावं.

पहिल्या चौघांतले दोघं परदेशी गेले, एकाने स्वतःचं काही काढलं. दुधाच्या वेळेचं ज्यांना पाठ होतं त्यात दादा उरला आणि मी.

मागच्या महिन्यातली गोष्ट. संध्याकाळी पाचच्या सुमाराला वरच्या मजल्यावर चहा द्यायला गेले. सर्व्हरच्या टीमची मुख्य मुलगी पुण्याकडची, बोलायला गोड. ती शेजारच्याला सांगत होती, "आज सहाला रिलीज करूया."

रिलीज म्हणजे तेच, नवीन काम चढवणं, एवढं मला कळायला लागलं होतं. सहाला म्हणजे वहिनी रांगेत असणार. आता एक गाव नाही, शेकडो गावं. मी ट्रे तिथेच ठेवून दादाकडे गेले. काचेच्या खोलीत तो कॉम्प्युटरवर कुणाशी तरी इंग्रजीत बोलत होता. दार वाजवायचं धाडस झालं नाही. जिन्यात दोनदा वर गेले, दोनदा खाली आले. घड्याळात साडेपाच वाजले होते.

शेवटी त्या मुलीजवळ जाऊन उभी राहिले. तिने कानातला हेडफोन काढला. "काय मावशी? कप न्यायचेत?"

"सहाला नको," मी म्हटलं.

"काय नको?"

"ते तुमचं नवीन. आता दूध घालाय येत्यात माणसं. आडलं तर टँकर जातोय."

शेजारचा पोरगा हसू दाबत होता. मुलगी हसली नाही. तिने खुर्ची ओढली आणि म्हणाली, "बसा. दाखवते."

पडद्यावर गावांच्या नावांची लांब यादी होती. ती म्हणाली, "सगळीकडे एकदम नाही लावत आम्ही. आधी पाचच संस्था. तिथे बिघडलं तर आपोआप जुनं परत येतं, लोकांना कळतसुद्धा नाही. मग पन्नास, मग बाकीच्या. खरं दूध चालू असतानाच बघायचं असतं, म्हणून सहाला."

"आणि पाण्याचा तांब्या?"

तो तिला माहीत नव्हता. मी सांगितला. ती म्हणाली, "आता तशा हजार पावत्या कॉम्प्युटरच काढून बघतो, मावशी. तुमचं गाव कुठलं?"

मी नाव सांगितलं. तिने यादीत शोधून दिलं. सहा वाजता वरची पाच नावं हिरवी झाली, म्हणजे तिथे नवीन लागलं. मग खालची होत गेली. माझ्या गावाचं नाव सव्वासहाला हिरवं झालं आणि काहीच घडलं नाही. कुणाचा फोन वाजला नाही. पोरं आपापल्या कामात होती, कुणी मान वर केली नाही.

मला बरं वाटलं, आणि कुठेतरी रिकामंही.

जिन्यात जाऊन मी वहिनीला फोन लावला. मागे म्हशीचा आवाज येत होता.

"दूध घातलंस?"

"घातलं की. आत्ताच आले."

"पावती आली?"

"आली. रोज येती. आज काय नवीन?"

"काय न्हाय."

"काय न्हाय म्हणून फोन करतंय व्हय कोण? जेवलीस का तू?"

"अजून न्हाय," मी म्हटलं.

वर आले तर ती मुलगी पिशवी खांद्याला लावून निघाली होती. "झालं, मावशी, सगळीकडे," म्हणाली आणि लिफ्टकडे गेली. मग एकेक जण उठत गेला, आपापल्या वेळेला. मी कप गोळा केले, विसळून पालथे घातले आणि सात वाजता घरी निघाले.